शनीच्या चंद्रावरचा चकवा

माणसं खोटं बोलतात ती भीतीपोटी, हौसेपोटी नाहीतर नुसती जित्याची खोड म्हणून. निरंजन घोलप मात्र नेमणुकीने खोटं बोलत असे. वाईच्या पुढे, घाटाच्या पायथ्याशी असलेल्या उपकरण केंद्रात त्याच्या दारावर चक्क पाटी होती: 'निरंजन घोलप, चकवेकरी'. नवा माणूस ती वाचून हसायचा. महिन्याभरात त्याचं हसू मावळायचं, कारण तोवर तोही एकदा फसलेला असायचा.

केंद्रात दूरच्या ग्रहांकडे जाणाऱ्या यानांची उपकरणं बनत. अशा ठिकाणी सर्वांत मोठी भीती उपकरण बिघडण्याची नसते. बिघडलेलं कळतं तरी. भीती ही असते की उपकरण आपल्याला हवं तेच सांगेल आणि आपण शहाणी माणसं नंदीबैलासारखी माना डोलावू. म्हणून तिथे एका माणसाला फसवण्याचं कामच दिलेलं होतं. निरंजन मोहरीएवढ्या मेणाच्या गोळीत झाडपाल्याचा अर्क भरायचा आणि ती गोळी उपकरणात कुठेतरी गुपचूप सरकवायचा. उपकरण तापलं की गोळी फुटायची. पडद्यावर सजीवाची खूण उमटायची, लोक टाळ्या पिटायचे, कुणीतरी पेढे आणायला धावायचं. आणि सगळ्यांचे पेढे खाऊन झाल्यावर, कित्येक दिवसांनी, निरंजन घसा खाकरून म्हणायचा, "चकवा होता हो."

तोवर कुणी कितीही खोदून विचारलं तरी त्याने कानांवर हात ठेवायचे, असा नियम होता. त्यात बायकोलाही सूट नव्हती. आणि बायको कोण, तर त्याच उपकरणाची प्रमुख केतकी रणपिसे. आता बोला!

केतकीचा स्वभाव मुळातच शंकेखोर. कुणी म्हणालं, बाहेर ऊन पडलंय, तर ही विचारणार, "कशावरून?" तिच्या या एका शब्दाने भल्याभल्यांचे शोधनिबंध पाण्यात गेले होते. लग्नाआधी निरंजनला त्याची मोठी मौज वाटायची. "तू मला आवडतेस," असं तो पहिल्यांदा म्हणाला तेव्हाही तिने हाच शब्द टाकला होता, आणि तो अर्धा तास पुरावे देत बसला होता.

पण चकवेकरी झाल्यावर त्याला एकदा आईची शपथ घ्यावी लागली. केतकी दोन आठवडे एका खुणेच्या मागे लागली होती. तिने त्याचे खांदे धरून विचारलं, "एवढंच सांग, तू ठेवलंस?" तो म्हणाला, "आईशप्पत, नाही." पुढे तो चकवाच निघाला. काम म्हणून ते चोख होतं. संचालकांनी त्याची पाठ थोपटली. केतकीही सर्वांसमोर हसली, आणि त्या दिवसापासून घरात दुधात मिठाचा खडा पडला तो पडलाच.

त्याची बहीण सुलूताई मिरजेला राहायची. तिच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला तो गेला, तर केतकीच्या मनात पाल चुकचुकली. काहीतरी निमित्त काढून तिने मिरजेला फोन लावला. निरंजनने तो सुलूताईच्या हातून हिसकावून घेतला, कॅमेरा सुरू केला आणि म्हणाला, "सुलूताई, डोळ्याची पट्टी दाखव गं हिला. नमुना तपासायचाय." बिचारी सुलूताई खरंच पट्टी दाखवत बसली. केतकीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण खरं सांगायचं तर फोन ठेवल्यावर थोडं बरंही वाटलं.

आता त्या यानाबद्दल सांगायला हवं. शनीला एन्सेलॅडस नावाचा एक पिटुकला चंद्र आहे. वरून सगळा बर्फ, आत खारं पाणी. बर्फाला भेगा आहेत आणि त्यांतून पाण्याचे फवारे थेट अवकाशात उडतात. म्हणजे खाली उतरायला नको की खणायला नको. फवाऱ्यातून यान न्यायचं, तुषार टिपायचे आणि त्यात काय आहे ते हुंगायचं. केतकीचं उपकरण हे हुंगण्याचं काम करणार होतं. कशाचा वास घ्यायचा? तर चपलांचा म्हणा ना. सजीवांच्या प्रथिनांतले रेणू चपलांसारखे डावे आणि उजवे अशा दोन्ही घडणींचे असू शकतात. निर्जीव रसायनं दोन्ही घडणींचे रेणू सारखेच बनवतात. सजीव मात्र हट्टाने एकाच पायाच्या चपला वापरतात. आपल्या पृथ्वीवर डाव्या. तेव्हा एखाद्या ठिकाणी नुसत्या डाव्या चपलांचा ढीग सापडला, तर समजावं की इथे कुणीतरी राहतं.

पण तिथून पृथ्वीकडे येणारी माहिती अगदी थेंब थेंब येते. एका फेरीत उपकरण जेवढं हुंगणार, तेवढं सगळं पाठवायचं तर वर्षं लागतील. म्हणून यानावर चाळण बसवली होती. चाळण म्हणजे एक कृत्रिम बुद्धी. तिने प्रत्येक खूण बघून तीनपैकी एक निकाल द्यायचा: खरं, मळ (म्हणजे इथूनच चुकून चिकटून गेलेली घाण) किंवा चकवा. खरं असेल ते पाठवायचं, बाकीचं कचऱ्यात. कचरा पुढच्या फेरीपर्यंत राहायचा आणि मग पुसला जायचा.

ही चाळण शिकवली केतकीने. चार वर्षं तिने तिच्याशी वाद घातले, तिला टोचलं, नुसत्या 'कशावरून'ने बेजार केलं. चाळण तिची इतकी पक्की शिष्या झाली की केतकी टाइप करताना कुठे अडखळते, यावरून तिला केतकीची खात्री किती आहे तेही कळायचं. आणि एकदा शिकवणं संपलं की तिची बुद्धी चिपमध्ये कायमची कोरली जाणार होती. जीवसृष्टी सापडल्याची घोषणा कोणत्या सरकारला नको असेल? उद्या खालून कुणी दमदाटी केली तरी तिने बधू नये, अशी ही तजवीज होती. चाळणीला हुकूम देता येणार नव्हता. फक्त केतकीला तिच्यापुढे साक्ष देता येणार होती, आणि ती साक्ष मानायची की नाही हे चाळण ठरवणार होती.

बंदोबस्त असा नामी झाला होता. शिकवणाऱ्यांच्या एक गोष्ट मात्र ध्यानातच आली नाही. चाळणीने आयुष्यात पाहिलेली प्रत्येक चांगली खूण निरंजनने ठेवलेली होती.

उड्डाणाला थोडेच दिवस उरले होते. दसरा होऊन गेला होता. उपकरण सीलबंद झालं होतं, आणि सील लागल्यावर चकवा ठेवायचा नाही हाही नियमच. शेवटच्या चाचणीला सकाळी उपकरण तापवलं आणि पडद्यावर डाव्या चपलांचा लहानसा डोंगर उभा राहिला. खाली चाळणीचा निकाल आला: 'चकवा. ठेवणारा: निरंजन.'

काचेमागे उभ्या असलेल्या संचालक तसनीम मुजावर मटकन खुर्चीत बसल्या. "आत्ता? आत्ता चकवा ठेवला ह्या बाबाने?"

निरंजनला बोलावणं गेलं. तो पडद्याकडे बघतच राहिला.

"हा माझा नाही," तो म्हणाला.

"असं तू दर वेळी म्हणतोस," केतकी म्हणाली.

"दर वेळी म्हणतो, कारण म्हणावं लागतं. आज खरंच म्हणतोय. अगं, सील लागल्यावर मी हात लावेन का? मळ आहे हा. मला विचारशील तर झेंडू."

"झेंडू?"

"खंडेनवमीला हत्यारांची पूजा केलीस की नाही तू? पाने, पकडी सगळं मांडलं होतंस. मोठ्या पान्याच्या बेचक्यात झेंडू खोचला होतास. नंतर पाने स्पिरिटने पुसून आत गेले, पण बेचक्यात पराग राहिले असतील. त्याच पान्याने झाकण आवळलं. अमेरिकेत नाही व्हायचं हे. आपल्याकडेच होणार."

केतकीचा चेहरा तापला. पूजा तिने केली होती. प्रमुख म्हणून तो मान तिचा असे आणि ती तो हौसेने घ्यायची. झेंडूही तिनेच खोचला होता.

"झेंडू कशावरून?" ती म्हणाली. "तुझ्या गोळीतही झाडपाल्याचाच अर्क असतो. दोन्हींची खूण सारखीच येणार. तपासून काही सिद्ध होणार नाही हे तुला माहीत आहे, म्हणून तू झेंडू म्हणतोयस."

"म्हणजे मी इतका पुढचा विचार करून खोटं बोलतोय?"

"ते तुझं कामच आहे."

मुजावर मॅडम उठल्या. त्या इचलकरंजीच्या. एरवी गोड बोलायच्या, पण वेळ आली की आडपडदा ठेवत नसत. "हे बघा, मळ म्हटलं तर नियमाने उपकरण उघडावं लागतंय. उघडलं की उड्डाण गेलं. शनीकडे ढकलणारा गुरूच्या ओढीचा झोका पुन्हा मिळायला एक तप थांबायचं. मी तर तेव्हा रिटायर होऊन नातवंडं सांभाळत असेन. चकवा म्हटलं तर दोनदा खरपूस तापवायचं, आतलं सगळं जळून जाईल, आणि जायचं. केतकी, नवरा तुझा हाय. खरं काय ते तू ठरव."

त्या बाहेर गेल्या. दोघंच उरली.

"केतकी, माझं ऐक," निरंजन हळू आवाजात म्हणाला. "उड्डाण होऊ दे नाहीतर नको होऊ दे, मला त्याचं काही नाही. पण तू आज हे चकवा म्हणालीस तर ते चाळणीत कायमचं कोरलं जाईल. तिला माझी सवय माहीत आहे."

ती सवय केतकीलाही माहीत होती. निरंजन चकवे जोडीने ठेवायचा. पहिला सापडला की माणूस निर्धास्त होतो, मग दुसरा त्याला गाठतो. म्हणजे आजचा चकवा ठरला, तर पुढे कुठेही, कितीही दूर खूण दिसली तरी चाळण तिला जोडीतला दुसराच समजणार.

"मग शपथ घे," केतकी म्हणाली.

निरंजन तिच्याकडे बघून हसला. ते हसणं तिला पुढे वर्षानुवर्षं छळणार होतं. "कुणाची घेऊ?" तो म्हणाला. "आईची तर वापरून झाली."

तिने त्याच्यावर विश्वास ठेवावा तर दोष तिच्या स्वतःच्या हातांचा होता, उड्डाण बुडणार होतं आणि तिच्या आयुष्यभराच्या कामावर झेंडूचं फूल ठेवलं जाणार होतं. न ठेवावा, तर सगळं सुरळीत होतं. संशय घेणं इतकं सोयीचं तिला कधीच नव्हतं. ती कळफलकाशी गेली आणि चाळणीला म्हणाली: 'बरोबर. चकवाच.' टाइप करताना ती कुठेही अडखळली नाही.

यान ठरल्या दिवशी उडालं. देशभर फटाके वाजले. निरंजनने टाळ्या वाजवल्या, घरी आला, दोन बॅगा भरल्या आणि मिरजेला सुलूताईकडे निघून गेला. भांडण नाही, कोर्ट नाही, काही नाही. दारात एवढंच म्हणाला, "तू मला खोटारडा समजतेस याचं काही वाटत नाही गं. खोटारडा आहेच मी. पण तुला तसं समजायला आवडतं, ते नाही सोसवत."

यानाला शनीजवळ पोचायला आठ-नऊ वर्षं लागली. दरम्यान केतकीचे केस पांढरे झाले, मुजावर मॅडम खरंच नातवंडांत रमल्या. दर दसऱ्याला निरंजनचा 'सोनं घ्या' एवढाच मेसेज यायचा, आणि केतकी तो उघडायच्या आधी घटकाभर नुसती बघत बसायची. यात काही डाव तर नसेल, असं तिला तेव्हाही वाटायचं. इतकी ती बिघडली होती.

पहिल्या फेरीत यान फवाऱ्यातून सुखरूप पार झालं. सगळं केंद्र पडद्यासमोर जमलं होतं. चाळणीचा अहवाल आला. पाणी, मीठ, अमोनिया, हे सगळं खरं. मग शेवटची ओळ: 'डाव्या घडणीचे रेणू, भरपूर. निकाल: चकवा. जोडीतला दुसरा. ठेवणारा: निरंजन. कचऱ्यात टाकलं.'

तरुण पोरं एकमेकांकडे बघू लागली. "मॅडम, निरंजन कोण?" एकीने विचारलं.

केतकी ती ओळ पुन्हा वाचू लागली. कोट्यवधी मैलांवर, जिथे माणूस कधी गेला नाही अशा जागी, तिने शिकवलेली ती बुद्धी तिच्याच नवऱ्यावर आळ घेत होती. आणि तो आळ साफ खोटा आहे असं तिला छातीठोक सांगता येईना. खरंच दुसरी गोळी असेल तर? दोनदा तापवूनही कुठल्या सांदीत राहिली असेल आणि आता फुटली असेल तर? त्या दिवशी झेंडू असेल, तर तो जळून गेला, उपकरण स्वच्छ होतं, आणि हे शनीच्या चंद्रावरचं जीवन होतं. त्या दिवशी गोळी असेल, तर ही मेणातली पालेभाजी होती. सगळं घोडं एका माणसाच्या शब्दापाशी येऊन अडलं होतं. आणि परवा दुसरी फेरी होती. तेव्हा कचरा पुसला जाणार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती मिरजेला निघाली.

निरंजन तंबोरे बनवणाऱ्या एका कारखान्यात जवारी लावायचं काम करू लागला होता. तारेखालचा तो बारीकसा दोरा पुढेमागे सरकवत नाद उघडायचा, असं नाजूक काम. ती दारात उभी राहिली तेव्हा तो भोपळ्याला कान लावून बसला होता. त्याने वर पाहिलं आणि तार छेडायची थांबवली.

"बातम्यांत नाव ऐकलं माझं," तो म्हणाला. "एवढ्या लांब मी कधी गेलो होतो गं?"

तिला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. ती समोरच्या चटईवर बसली.

"नऊ वर्षांनी विचारायला आलीस?"

"विचारायला नाही आले."

"मग?"

"ऐकायला आले. सांग."

त्याने तंबोरा बाजूला ठेवला आणि तिच्याकडे निरखून पाहिलं. ती खरंच बसून राहील की मध्येच उलटतपासणी घेईल, याचा अंदाज घेत असावा. संशय घ्यायला त्यालाही तिनेच शिकवलं होतं.

"मी ठेवलं नव्हतं," तो म्हणाला. "पहिलंही नाही आणि दुसरंही नाही."

तो शब्द तिच्या जिभेवर आलाच होता. तिने तो गिळला. त्याच्या हातांवर राळ लागली होती, कानशिलाजवळ घाम होता. डोळे तर त्या आईच्या शपथेच्या दिवशी होते अगदी तसेच होते. चेहऱ्यावरून काही कळण्यासारखं नव्हतं. कधी नव्हतंच. तिने पर्समधून टॅबलेट काढला आणि केंद्राशी जोडून साक्ष लिहिली: 'निरंजनने काहीही ठेवलेलं नाही. पहिला मळ झेंडूचा होता. तो मी खोचला होता. आताची खूण पुन्हा तपास.'

निरोप शनीपर्यंत जाऊन उत्तर यायला दुपार सरली. तोवर दोघं सुलूताईकडे गेली. तिने केतकीला दारातच कवटाळलं आणि मग डोळा मिचकावून म्हणाली, "पट्टी सुटली बरं का माझी!" केतकी ओशाळून हसली.

टॅबलेट वाजला. पडद्यावर एकच शब्द होता: 'कशावरून?'

निरंजनने तिच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. "तुझंच लेकरू," तो म्हणाला. पण तो तिथून हलला नाही. आता ती काय लिहिते हे चाळणीइतकंच त्यालाही बघायचं होतं.

केतकीने पुरावा शोधला. झेंडूची चाचणी बिनकामाची. तेव्हाचे पाने भंगारात गेलेले. साक्षीदार कुणी नाही. आयुष्यभर ती ज्याच्या जोरावर माणसांना गारद करत आली, त्यातलं काहीही तिच्या हाताशी नव्हतं. आणि साक्षीबरोबर टाइप करण्याची लयही जायची, त्यामुळे लिहिताना बोट अडखळलं तर चाळणीला कळणार होतं. तिला फसवता येणार नव्हतं, कारण ती केतकीच होती.

तिने बोटं कळफलकावर ठेवली आणि एका दमात लिहिलं: 'तो म्हणतो म्हणून.' आणि पाठवून टाकलं.

निरंजन स्वयंपाकघरात गेला. नळ सोडल्याचा आवाज आला, बराच वेळ आला. मग त्याने आतूनच हाक मारली, "जेवून जा."

रात्री तिघं जेवायला बसली. सुलूताईने गरम भाकऱ्या आणि वांग्याचं भरीत केलं होतं. जेवण अर्ध्यावर आलं असताना बाहेरच्या खोलीत टॅबलेट पुन्हा वाजला. केतकीचा घास हातातच राहिला.

"अगं, बघ तरी," निरंजन म्हणाला.

"तू बघ," केतकी म्हणाली. "आणि मला येऊन सांग."

"मी?"

"हो. तूच."

निरंजन हात न धुताच उठला. बाहेर गेला. पडद्यासमोर तो किती वेळ उभा होता कोण जाणे. सुलूताईने दोनदा मान वळवून पाहिलं, केतकीने एकदाही नाही. तो परत आला, पाटावर बसला आणि म्हणाला, "खरं म्हणतेय ती. 'निकाल बदलला. खरं.' सगळं पाठवायला घेतलंय."

त्याच्या चेहऱ्यावरून काही कळण्यासारखं नव्हतं. केतकी उठली नाही. "सुलूताई," ती म्हणाली, "मला अजून एक भाकरी वाढा."